जपानीचं पुस्तक दरवेळी त्याच धड्यापाशी का सुटतं

तक्रार येते ती साधारण अशी. "ताई, माझ्यात चिकाटीच नाही. सुरुवातीला झपाटल्यासारखा अभ्यास होतो, मग एक दिवस पुस्तक कपाटावर जातं ते जातंच. काही महिन्यांनी परत काढतो, परत तेच." चिकाटीवर मी काही बोलत नाही. पुस्तक घेऊन ये म्हणते आणि पेन्सिलीच्या खुणा कुठल्या पानापर्यंत पोचल्यात ते बघते.

खुणा थांबतात त्या जागा ठरलेल्या असतात. दांडिया बाजारात आमच्या घरी रविवारी सकाळी जपानी शिकणारी मंडळी जमतात. कुणाला बुलेट ट्रेनच्या कामात शिरायचंय (मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या मार्गावरच्या १२ स्थानकांत आपलं बडोदं आहे आणि तंत्र जपानचं, तेव्हा उत्साह साहजिक आहे), कुणाला वृद्धांची देखभाल करायच्या नोकरीवर जपानला जायचंय, कुणी नुसतं ॲनिमेपायी आलेलं. वयं वेगळी, कारणं वेगळी. तरी 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक वापरणाऱ्यांच्या खुणा पाचव्या-सहाव्या धड्यापाशी नाहीतर चौदाव्यापाशी थांबतात, आणि 'गेंकी' या दुसऱ्या पुस्तकवाल्यांच्या तिसऱ्या किंवा सहाव्यापाशी. इतक्या वेगवेगळ्या माणसांची चिकाटी नेमकी एकाच पानावर कशी संपेल? त्या पानावर काहीतरी अडतंय, आणि काय अडतंय ते शोधता येतं.

तेव्हा आधी आपल्या खुणा बघा आणि खाली आपल्या कामाचा भाग वाचा. बाकीचे सोडलेत तरी चालतील. लगेच येणारा भाग मात्र सगळ्यांसाठी आहे.

परत पहिल्या धड्यापासून सुरू करू नका

सगळ्यात मोठी गडबड इथे होते. पुस्तक सुटतं, मध्ये काही महिने जातात, मग शुभ दिवस बघून नवी वही घेऊन पहिला धडा. पहिला धडा सोपा असतो, भराभर होतो, बरं वाटतं. दुसरा, तिसराही तसाच. आणि ज्या धड्याने मागच्या वेळी दमवलं होतं तिथे पोचेपर्यंत नवेपणाचा जोर ओसरलेला असतो. परत तिथेच बसकण.

रावपुऱ्यातल्या एका मुलाचं पुस्तक माझ्यासमोर होतं. पहिल्या पाच धड्यांची उत्तरं इतक्यांदा लिहून खोडलेली की कागदावरची लव गेलेली, अक्षर उमटेना. चौदाव्या धड्यानंतरची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली, कापताना राहिलेली कडासुद्धा तशीच. त्याने मेहनत कमी केली नव्हती. सगळी मेहनत त्याच पाच धड्यांवर झाली होती.

उपाय असा. जिथे थांबलात त्याच्या दोन धडे मागे जा. त्याहून मागे नाही. 'मिन्ना'त प्रत्येक धड्याच्या शेवटी 'मोंदाइ' म्हणून स्वाध्याय असतो. धडा न वाचता थेट तो सोडवा. निम्मं आलं तर पुढे चला. नाही आलं तर फक्त न आलेल्या प्रश्नांपुरता धडा चाळा, आणि मग जिथे सुटलं होतं तिथे या. "पण माझे शब्द विसरलेत." विसरू देत. पुढच्या धड्यांत तेच शब्द परत परत येतात, तिथे आठवतील.

नवं पुस्तक घेणं हाही पहिल्या धड्यावर परत जायचाच एक मार्ग आहे, फक्त जरा खर्चिक. 'मिन्ना' जमलं नाही म्हणून 'गेंकी', 'गेंकी' कंटाळवाणं म्हणून तिसरं. प्राथमिक व्याकरण सगळीकडे जवळपास तेच, क्रम तेवढा वेगळा. पुस्तक बदलायचंच असेल तर नव्या पुस्तकातही आपण जिथे अडलो होतो त्याच व्याकरणाच्या धड्यावर उतरा. 'मिन्ना'च्या पन्नास धड्यांत जे चौदाव्यात आहे ते 'गेंकी'च्या तेवीस धड्यांत सहाव्यात आहे.

एक गोष्ट मात्र तपासून बघा. 'मिन्ना'चं मुख्य पुस्तक पूर्ण जपानीत असतं. अर्थ आणि व्याकरण समजावणारं पुस्तक वेगळं मिळतं. मुख्य पुस्तक वर्गात शिक्षकासमोर वापरायला लिहिलंय. ते एकटंच विकत घेऊन घरी बसलेला माणूस आठवड्याभरात वैतागतो, आणि ते योग्यच आहे. स्वतःला दोष द्यायच्या आधी ते दुसरं पुस्तक मिळवा. 'गेंकी'त समजावणी आतच असते, पण त्यातले बरेच सराव दोघांनी मिळून करायचे आहेत. एकट्याने दोन्ही भूमिका मोठ्याने वाचायच्या, लाजायचं नाही. आणि पैसे घालायचे नसतील तर जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' ध्वनिफितींसकट फुकट उतरवून घेता येतं. जपानला राहायला, काम करायला जाणाऱ्यांसाठी ते लिहिलंय, त्यामुळे दुकान, दवाखाना, कामाची जागा असं लागणारंच आधी येतं. नोकरीसाठी शिकणाऱ्यांना मी तेच सुचवते.

लिपी येते, पण वाचायचा कंटाळा येतो

खुणा दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच थांबल्या असतील तर वहीत बघा. बहुतेक प्रत्येक जपानी ओळीच्या डोक्यावर बारीक देवनागरी लिहिलेली सापडेल. आपल्या लोकांची ही खास अडचण. देवनागरीत जपानी उच्चार छान उतरतात, म्हणून आपण ती लिहितो, आणि एकदा लिहिली की डोळा खाली जातच नाही. ४६ हिरागाना, म्हणजे जपानीची मूळ अक्षरं, पाठ असतात, पण वापरात नसतात. मग दहा ओळींचा उतारा वाचायला अर्धा तास लागतो आणि माणूस म्हणतो, मला जपानी झेपत नाही. (या लेखात मीही देवनागरीत लिहिते आहे, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना लिपी येत नसेल. तुमच्या वहीत नको.)

शिवाय देवनागरीत घाईघाईने लिहिताना दीर्घ स्वर गळतात आणि जपानीत ते गळून चालत नाही. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'ब्योओइन' हे हॉस्पिटल आणि 'बियोओइन' हे ब्यूटी पार्लर.

उपाय म्हणून वरची देवनागरी खोडायची, आणि रोज एकच उतारा तीन वेळा मोठ्याने वाचायचा. अर्थ लावायचा नाही, फक्त वाचायचं. वेग आला की कंटाळा आपोआप कमी होतो. कातकाना, म्हणजे परदेशी शब्द आणि नावं लिहायची दुसरी लिपी, कच्चा असतो कारण पुस्तकं तो मागाहून देतात आणि आपण उरकतो. 'शि' आणि 'त्सु', 'सो' आणि 'न' या जोड्या तर भल्याभल्यांना चकवतात. त्यासाठी ओळखीची नावं लिहा: मांडवी, रावपुरा, न्याय मंदिर, आपलं आडनाव. 'ल'चा 'र' होतो, 'ड'चं काय करायचं यावर डोकं खाजवावं लागतं, आणि त्या खटाटोपात अक्षरं पक्की होतात.

तुमच्याकडे दोन गोष्टी फुकटात आहेत. एक, जपानी वर्णमालेचा क्रम. आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून, बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत शिक्षणातून तिकडे गेला. 'हा' ही ओळ 'ना' आणि 'मा'च्या मध्ये कशी, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपं आहे. जुन्या काळी तिचा उच्चार 'पा'च्या जवळचा होता, म्हणजे ती आपल्या प-वर्गाच्या जागेवरच बसली आहे. दुसरी गोष्ट उच्चारांची. 'त्सु' म्हणजे 'चूक'मधला च, 'चि' म्हणजे 'चिमणी'तला च. 'जुना'मधला ज म्हणजे त्यांचा 'झु'. शेजारच्या गुजराती मुलांना हे घोटवावं लागतं, आपल्याला नाही.

पाचवा ते अकरावा धडा: समजतं, पण दमायला होतं

इथे सुटणाऱ्यांचं लक्षण वेगळं. व्याकरण कळलेलं असतं, पण एक वाक्य करायला डोक्यात फार उलटापालट करावी लागते. कारण आपण इंग्रजीतून जातो. समजावणी इंग्रजीत असते, ती इंग्रजी वाचकाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते, आणि त्या वाचकाच्या अडचणी आपण विनाकारण अंगावर घेतो. 'मला चहा आवडतो' घ्या. जपानीत 'वाताशि वा ओचा गा सुकि देसु'. आवडणारी वस्तू इथे कर्ता कशी काय, हे समजवायला इंग्रजी टिपणं बरीच शाई खर्च करतात. आपल्याकडे चहा आवडतो, कॉफी आवडते. क्रियापद चहाच्या मागेच जातं. बाहेर गुजरातीतही आपण 'मने चा गमे छे' म्हणतोच. यात समजावण्यासारखं काही उरत नाही.

'मित्राला भेटतो' म्हणजे 'तोमोदाचि नि आइमासु', 'ला'च्या जागी 'नि'. 'बसने जातो' म्हणजे 'बासु दे इकिमासु', 'ने'च्या जागी 'दे'. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, सगळं घरचंच. तेव्हा टिपणं एकदा इंग्रजीत वाचा, मग वहीत प्रत्येक नमुन्याखाली मराठी वाक्य लिहा आणि पुढे फक्त त्या मराठी वाक्यावरून सराव करा.

मराठी जिथे दगा देते त्या जागाही ठाऊक असायला हव्यात. 'घरात आहे' आणि 'घरात अभ्यास करतो', आपल्याला दोन्हीकडे 'त' पुरतो. जपानीत असण्याला 'नि' आणि काही करण्याला 'दे'. 'वा' आणि 'गा' यांच्यातल्या फरकालाही मराठीत सरळ जोडी नाही, तिथे उदाहरणं पाठ करणं हाच मार्ग. अशा जागांसाठी वहीच्या शेवटचं एक पान राखून ठेवा.

मोजायच्या शब्दांचा बाऊ होतो तो अकराव्या धड्याच्या आसपास. माणसांना वेगळं, कागदांना वेगळं, यंत्रांना वेगळं. पण एकटा, दोघं, तिघं, चौघं हे आपण केलंच आहे. त्यांचं 'हितोरि', 'फुतारि' दोनापर्यंतच आडवळणी आहे, पुढे जवळपास नियमाने जातं. तारखांत चार तारखेचं 'योक्का' आणि आठ तारखेचं 'योओका' यांची गल्लत सगळ्यांची होते, ती होऊ द्या. लहानपणी एकोणसाठ आणि त्रेसष्ट पाठ केलेल्या माणसाने वीस तारखेच्या 'हात्सुका'ला घाबरायचं काही कारण नाही.

चौदावा धडा

'गेंकी'वाल्यांनी सहावा समजावा. सगळ्यात जास्त पुस्तकं इथे सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

'मिन्ना'त तेराव्या धड्यापर्यंत क्रियापद 'मासु'ने संपतं. नोमिमासु, काकिमासु, इकिमासु. शेपटी बदलली की काळ बदलला, नकार आला, काम झालं. चौदाव्यात 'ते-रूप' येतं आणि पहिल्यांदाच क्रियापदाच्या पोटात हात घालावा लागतो. नोमिमासुचं नोन्दे, काकिमासुचं काइते, माचिमासुचं मात्ते, आणि इकिमासुचं नियम मोडून इत्ते. त्यानंतर उसंत नाही. सतराव्यात नकाराचं 'नाइ-रूप', अठराव्यात कोशातलं मूळ रूप, एकोणिसाव्यात 'ता-रूप', विसाव्यात साधं बोलणं. तेरा धडे सपाट चालून आलेल्या माणसापुढे एकदम चढ. त्याला वाटतं आपला वेग मंदावला. वेग मंदावणारच. आधी आठवड्याला एक धडा होत असेल तर इथे एका धड्याला दोन आठवडे द्या, आणि ते वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा, म्हणजे मागे पडल्यासारखं वाटणार नाही.

दुसरी अडचण तक्त्याची. सगळे जण नियमांचा तक्ता पाठ करतात, आणि मग प्रत्येक वाक्यात गणित सोडवल्यासारखं थांबून रूप काढतात. तक्ता भिंतीवर असू दे, पण रूपं वाक्यातूनच तोंडात बसतात. त्यासाठी आपली स्वतःची सकाळ घ्या:

"आसा रोकुजि नि ओकिते, हा ओ मिगाइते, ओचा ओ नोन्दे, काइशा ए इकिमासु."

सकाळी सहाला उठून, दात घासून, चहा पिऊन, ऑफिसला जातो. उठून, घासून, पिऊन. आपला 'ऊन' तिथे 'ते' होऊन बसलाय, जागासुद्धा त्याच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे 'आणि'ने जोडावं लागतं, आपल्याला नाही. अशी चार साखळ्यांची चार वाक्यं करा: सकाळची, बाजारची, रविवारची, प्रवासाची. दहा-पंधरा क्रियापदं त्यात येऊन जातात. ती पाठ झाली की तक्ता परत बघा. तेव्हा तो नियमांचा वाटत नाही, ओळखीच्या शब्दांची वर्गवारी वाटते.

आणि पुढे काय येणार आहे तेही सांगून ठेवते, कारण ते माहीत असलं तर चढ सोसवतो. 'मिन्ना'च्या दुसऱ्या भागात याच ते-रूपाला क्रियापदं जोडली जातात. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, आणि 'मिरु' म्हणजे बघणंच. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणं, 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'मोत्ते कुरु' घेऊन येणं, 'मोत्ते इकु' घेऊन जाणं. 'ताबेते शिमाउ' हे आपल्या 'खाऊन टाकलं'च्या अगदी जवळचं, तो 'अरेरे' सुद्धा त्यात आहे. इंग्रजी पुस्तकात यातल्या एकेकाला अर्धं अर्धं पान लागतं. आमच्या रविवारच्या बैठकीत एका काकांना मी 'ताबेते मिते कुदासाइ' एवढंच म्हटलं, त्यांनी वाक्य संपायच्या आत चकली उचलली.

एक खड्डा तेवढा आहे. 'ते इमासु' म्हणजे नेहमी 'करतो आहे' नव्हे. 'केक्कोन शिते इमासु' म्हणजे लग्न झालेलं आहे. लग्न आत्ता लागतं आहे असा अर्थ घेतलात तर समोरचा जपानी माणूस सभ्यपणे गप्प राहील. तिथे आपलं 'झालेलं आहे', 'बसलेला आहे' हे जास्त जुळतं.

एकोणिसावा धडा बघून हबकू नका. ते-रूप आलं असेल तर ता-रूपाला नवं काहीच लागत नाही. 'ते'चा 'ता', 'दे'चा 'दा'. नोन्दे, नोन्दा. तो धडा दोन दिवसांत होतो.

कार्डांचा ढीग, आणि नवरात्र

'आंकि' हे शब्दकार्डांची उजळणी करून घेणारं ॲप वापरणाऱ्यांची अडचण पुस्तकात दिसत नाही, फोनवर दिसते. रोज २० नवे शब्द ही त्यातली मूळची मांडणी. ती तशीच ठेवली तर काही आठवड्यांत रोजची उजळणी दोनशे कार्डांच्या घरात जाते. एखादा दिवस चुकला की चारशे. मग ॲप उघडायचीच भीती बसते.

बडोद्यात याला ठरलेला मुहूर्त आहे. घटस्थापनेला पुस्तक मिटतं. रात्री उशिरा गरब्याहून पाय दुखवत घरी आलेला माणूस सकाळी कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्राक्षरं, बघत नाही. नंतर शरद पौर्णिमा, मग फराळ, मग दिवाळीचे पाहुणे. आणि जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. अर्ज आधीच भरलेला असतो. नोव्हेंबरात फोन उघडला की हजारभर कार्डं वाट बघत असतात, आणि इतका मागे पडलो तर आता काय उपयोग, म्हणून उरलेले आठवडेही जातात. दरवर्षी.

गरबा सोडा असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी कोण ऐकणार. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन नव्या कार्डांची संख्या शून्य करा. उजळणीवर रोज तीस-चाळीसची मर्यादा घाला. दुपारी जेवणानंतर तेवढीच करायची. ढीग वाढतो, पण फार नाही, आणि हात सुटत नाही.

आधीच ढीग साचलेला असेल तर एका बैठकीत उपसायला बसू नका. तेच करा: नवी शून्य, उजळणी रोज पन्नासपर्यंत, आणि ढीग संपेपर्यंत ते बदलायचं नाही. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर 'आंकि' आपणहून खूण करतं, ते बाजूला काढा. त्याच्याशी भांडू नका. तो शब्द पुढे एखाद्या वाक्यात भेटेल तेव्हा बघू. पुढे नवे शब्द रोज पाच-सातच ठेवा. धड्यातले शब्द तेवढ्यात होतात.

सलग दिवस मोजणाऱ्या ॲपांबद्दल माझं मत वाईट आहे. दोनशे दिवसांची साखळी एका लग्नघरात तुटली की लोक भाषाच सोडून देतात. मोजायचंच असेल तर आठवड्याला किती वेळा बसलो ते मोजा.

कांजी

'गेंकी'च्या तिसऱ्या धड्यापासून कांजी सुरू होतात, आणि तिथे कुणीतरी सांगतं की जपानी सरकारच्या नेहमीच्या वापरातल्या यादीत २१३६ चिन्हं आहेत. झालं. ती यादी विसरा. 'गेंकी'च्या दोन्ही भागांत मिळून ३१७ आहेत, आणि एन-५ ला, म्हणजे जेएलपीटीच्या सगळ्यात सोप्या पातळीला, साधारण शंभर पुरतात.

दमछाक होते ती एकेका चिन्हाचे सगळे उच्चार सुटे पाठ केल्याने. 'दिवस'चं चिन्ह घ्या, उभी चौकट आणि मध्ये आडवी रेघ. 'निचियोओबि', म्हणजे रविवार, या एका शब्दात ते दोनदा येतं. पहिल्यांदा 'निचि' आणि शेवटी 'बि'. उच्चारांची यादी पाठ करून हे कळत नाही, शब्द वाचून कळतं. म्हणून चिन्ह नाही, शब्द शिका. सुरुवात वारांनी करा. रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि हा ग्रहांचा क्रम दोन्हीकडे एकच आहे. तिकडे मंगळाला अग्नी, बुधाला पाणी, गुरूला लाकूड, शुक्राला सोनं आणि शनीला माती. एका बैठकीत सात चिन्हं होतात.

ऐकलेलं एक अक्षर कळत नाही

ॲनिमेवाल्यांची ही निराशा खरी आहे आणि तिचं कारण साधं आहे. पुस्तक 'देसु-मासु'ची सभ्य भाषा आधी शिकवतं. ॲनिमेतली पोरं आपसांत साधं रूप वापरतात, जे 'मिन्ना'त विसाव्या धड्यात आणि 'गेंकी'त आठव्यात येतं. तोपर्यंत तुम्ही शिकलेलं आणि ऐकलेलं जुळणारच नाही. विसावा धडा होईपर्यंत ॲनिमे मजेसाठी बघा, परीक्षा म्हणून नको.

तोवर कानाला पुस्तकाच्या ध्वनिफिती द्या. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत, घरात आई-आजीही बरोबर ऐकू शकतात. गुजराती आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही, खंडेराव मार्केटात भाजी घेता घेता आली. जपानी तशी रस्त्यात कानावर पडणार नाही, म्हणून ती मुद्दाम पाडून घ्यावी लागते. सकाळी कमाटी बागेत चालताना एकच संवाद पुन्हा पुन्हा ऐका आणि मागोमाग म्हणा. लोक वळून बघतात. बघू देत.

वाचायला 'तादोकु'ची फुकट चित्रपुस्तकं आहेत, अगदी शून्य पातळीपासून. त्यांचे नियम मला फार आवडतात. शब्दकोश उघडायचा नाही, कळलं नाही ते सोडून पुढे जायचं, आणि पुस्तक रंगत नसेल तर सरळ दुसरं घ्यायचं. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मी नेमकं उलटं सांगितलं, ते लक्षात आहे माझ्या. पण हे वाचन वेगळं आहे. इथे काही संपवायचं नसतं.

परीक्षा झाली आणि अभ्यास थांबला

हे पास होणाऱ्यांचं दुखणं. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, त्यातही भाषा-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ तरी हवेत, नाहीतर बेरीज पुरेशी असूनही नापास. सगळे प्रश्न पर्यायांचे, बोलणं-लिहिणं नाही. ऐकण्याकडे दुर्लक्ष करणारी मुलं इथे अडकतात. असो. परीक्षा संपते, निकालाला जानेवारी उजाडतो, मध्ये उत्तरायणचे पतंग, आणि निकाल लागेपर्यंत पुस्तक परत कपाटावर.

ज्यांना विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर कामाला जायचंय त्यांनी तर थांबूच नये. त्यासाठी एन-५ पुरत नाही, एन-४ लागते किंवा जपान फाउंडेशनची जेएफटी-बेसिक, जिच्यात २५० पैकी २०० हवेत. ती संगणकावर होते आणि वर्षातून बऱ्याचदा असते, त्यामुळे जुलै-डिसेंबरची वाट बघत बसावं लागत नाही.

निकाल काहीही लागो, परीक्षेच्या पुढच्या आठवड्यात सव्विसावा धडा उघडा. तो साध्या रूपावर उभा आहे, म्हणून त्याआधी विसाव्याचा मोंदाइ एकदा सोडवून घ्या.